शाब्बास मोत्या!

सदाचार माणसाला आतून सुचतो की कोणीतरी पुढे धरलेल्या तुकड्याकडे बघून सुचतो, हा प्रश्न थोरामोठ्यांनी पुष्कळ चघळला आहे. आमच्या मोत्याचे शिक्षण सुरू झाले आणि तो थेट आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. (प्रश्न. मोत्या आधीपासून तिथेच होता.)

नवी पद्धत सोपी आहे. गाजराचा वाटाण्याएवढा तुकडा कुत्र्याच्या नाकासमोर धरायचा आणि हळूहळू डोक्यावरून मागे न्यायचा. नाक वर गेले की शेपटीकडची बाजू आपोआप खाली टेकते. टेकली रे टेकली, की ‘शाब्बास’ म्हणून त्याच क्षणी तुकडा द्यायचा. जरा उशीर केलात आणि तेवढ्यात स्वारी उठली, तर बक्षीस उठण्याला मिळते. पाच मिनिटांत वर्ग सुटतो. मारणे नाही, ओरडणे नाही. छडीच्या छायेत पाढे शिकलेल्या आमच्या पिढीला हा शिक्षणाचा अपमानच वाटतो.

शेजारचे नाना म्हणाले, “अहो, ही तर लाच झाली!” नानांनी 33 वर्षे सरकारी नोकरी केलेली असल्यामुळे या विषयातला त्यांचा अधिकार मोठा. पण मला ते पटले नाही. लाच कर्तव्य चुकवण्यासाठी देतात आणि टेबलाखालून देतात. मोत्याचा तुकडा काम झाल्यावर, सर्वांसमक्ष मिळतो. याला मराठीत पगार म्हणतात. निष्काम कर्माचा उपदेश कुत्र्याला करणारे आपण, मुलगा पास व्हावा म्हणून देवाला पाच नारळ बोलतोच की!

सुखद फळ मिळालेली कृती प्राणी पुन्हा करतो, हे अमेरिकेत थॉर्नडाइकने 1898 साली मांजरांना पेटीत कोंडून दाखवले. पुढे 1960च्या दशकात कॅरन प्रायर या बाईंनी हवाईमध्ये शिट्टी आणि मासे यांच्या जोरावर डॉल्फिन शिकवले. डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा घालता येत नाही आणि छडी उगारली तर तो सरळ पोहत निघून जातो. गुरुजींना गोड बोलण्यावाचून गत्यंतरच नाही!

“पण गाजर नसेल त्या दिवशी काय?” नानांचा हा प्रश्न मात्र खरा होता. जाणकार सांगतात, सवय लागली की तुकडा कधी द्यावा, कधी देऊ नये. आशेवर सवय अधिक घट्ट होते. (लॉटरीवाल्यांना हे ठाऊक असतेच.) पण मग छडी नसेल त्या दिवशी काय, हेही विचारायला हवे. धाकातला शहाणपणा मालक खोलीत असेपर्यंतच टिकतो. शिवाय मार खाल्लेला कुत्रा कुरवाळायला उचललेल्या हातालाही बिचकतो. बसायला तो दोन्ही पद्धतींनी शिकेल. आपल्या हाताकडे बघून त्याला काय वाटते, फरक तिथे पडतो. सदाचाराचे मूळ मला तिथेच कुठेतरी दिसते.

आणि या पद्धतीतली खरी मेहनत कुत्र्याला नाहीच. तो अंगावर उड्या मारू लागला की आपण पाठ फिरवायची, आणि चारी पाय जमिनीवर टेकलेला क्षण अचूक टिपायचा. म्हणजे चांगले घडते कधी, याची वाट बघत बसायचे! आपल्याकडे 90 मार्क मिळवणाऱ्या पोराला ‘उरलेले 10 कुठे सांडलेस?’ असे विचारतात. आमटी खारट झाली तर बोलायचे. छान झाली तर मुकाट्याने दुसरी वाटी मागायची, तीच पावती. अशा घरांतून ‘शाब्बास’ हा शब्द दिवसातून वीसदा उच्चारला जाऊ लागला, तर त्याचे चार शिंतोडे माणसांवरही उडणारच.

तेव्हा या शिकवणीत विद्यार्थी कोण, ते उघड आहे. आणि फी रीतीप्रमाणे गुरुजींनाच मिळते. रोज, वाटाण्याएवढी.