दुर्बिणीपलीकडचा माणूस

जुन्या लष्करी रायफली जमवणाऱ्यांत ली-एनफिल्ड नंबर ४ (टी) हिला मोठा मान आहे. १९४२ पासून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने निवडक, अचूक रायफलींवर दुर्बिणी बसवल्या. दुर्बीण त्या त्या रायफलीशी जुळवलेली. तिचा क्रमांक लाकडी दस्त्यावर ठोकलेला. आज हे क्रमांक जुळले की संग्राहक हरखतो, किंमतही वाढते. इंग्लंडमधल्या बिस्ली इथे जुन्या रायफलींच्या नेमबाजी स्पर्धा होतात. लक्ष्य कागदाचे.

मग यात वाईट काय? कागदाला जखम होत नाही. नेमबाजीत श्वास आवरावा लागतो, मन आवरावे लागते, हे आम्हालाही मान्य. पण साधा शिपाई बहुधा शत्रूच्या दिशेने गोळी झाडतो. दुर्बीणवाला एक माणूस निवडतो. तो त्याला दिसतो, सिगारेट पेटवताना, पाणी पिताना. ही रायफल त्याच कामासाठी घडवली होती.

संग्राहक म्हणतो, आम्ही इतिहास जपतो. ती नाझींविरुद्ध लढली. खरे आहे. मग त्याच कपाटातली दुर्बीण लावलेली जर्मन माउझर कोणता इतिहास जपते? दोघींच्या नळ्या सारख्याच मायेने पुसल्या जातात!

छंद नको, असा फतवा आम्ही देणार नाही (फतव्यांची आपल्याकडे टंचाई नाही). कर्माची किंमत नियत पाहून ठरते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणून एवढेच विचारतो, की दस्त्यावरचा क्रमांक भिंग लावून तपासणारा, त्या दुर्बिणीसमोर कोण आले असेल हे कधी शोधतो का? तसे शोधणारेही असतात. पलटणींच्या युद्धदैनंदिन्या, दोन्ही बाजूंच्या सैनिकांच्या आठवणी वाचतात. त्यांच्याशी आमचे भांडण नाही.