दुधाळीचे ऋण

सरकारी नोकराच्या बागेला एक शाप असतो. झाड लावायचे एकाने आणि फुले पाहायची बदलून आलेल्या दुसऱ्याने. तरीही मंगळूरच्या किनाऱ्यावरील आमच्या बंगल्याभोवती दुधाळी फुलावी, असा हट्ट आम्ही धरला. गुलाबी फुलांची, दोऱ्यासारख्या बारीक पानांची ही रानवनस्पती आम्हांस कोकणापासून परिचित. प्रथम आम्ही तण काढून स्वच्छ केलेल्या वाफ्यात तिचे बी पेरले. रोपे आली, पिवळी पडली आणि गेली. पुढल्या पावसाळ्यात उरलेले बी कुंपणाशी माजलेल्या गवतात टाकले. आश्विनात तेथे फुले दिसली.

कारण असे की, दुधाळी अर्धपरोपजीवी आहे. हिरव्या पानांनी ती आपले अन्न स्वतः तयार करते. परंतु पाणी व क्षार मात्र शेजारच्या मुळांत आपली शोषक मुळे रोवून घेते. आम्ही ज्याला तण म्हणून उपटले, तेच तिचे यजमान होते.

हे कळताच आमच्या मनाला मोठा दिलासा वाटला. परप्रांतात राहणाऱ्या आम्हां अधिकाऱ्यांची स्थिती याहून वेगळी काय? पाणी येथल्या मातीचे, कष्ट आमच्या पानांचे! पण ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला दुधाळीच्याच कुळातला. त्याचीही पाने हिरवीच, आणि तरी तो उभे पीक खुरटवतो. म्हणजे हिरवे पान हा निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. टारफुल्याच्या बीजाला जागे करणारे द्रव्य शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये कापसाच्या मुळांच्या स्रावातून वेगळे केले. वनस्पती असा आत्मघातकी स्राव का सोडतात, हे कोडे २००५ मध्ये उलगडले : ती मुळांना उपकारक अशा बुरशीला घातलेली साद असते. मित्रासाठी उघडलेल्या दारातून टारफुला आत शिरतो.

मग घेणे कोणत्या मर्यादेपर्यंत क्षम्य? आम्हांस वाटते, हा निवाडा घेणाऱ्याने करावयाचा नाही. तो यजमानाकडे पाहून करावयाचा. आमचे गवत अजून हिरवे आहे, एवढे दुधाळीच्या बाजूने सांगता येईल. आमच्या बाजूने काय सांगावे? ते गवत राखणारा माळी चार वर्षे आमच्याशी मोडक्या हिंदीत बोलतो आहे. त्याच्या तुळू भाषेतले आम्हांस ठाऊक असलेले शब्द सगळे आज्ञार्थी आहेत. बदलीचा हुकूम येण्यापूर्वी त्या भाषेत त्याच्या घरचे कुशल तरी विचारता यावे, एवढी इच्छा आहे.