पान नऊवर लिहिलं होतं

रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर एक फोटो आला. सारवलेल्या अंगणात उभी नवी कोरी सायकल आणि खाली मेसेज : 'दादा, एकट्याने जोडली. उद्या पहाटे महाबळेश्वर.'

त्याला आमच्याकडून आपोआप उत्तर गेलं. 'धन्यवाद. आमचे प्रतिनिधी सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळेत आपल्याशी संपर्क साधतील.'

आमचे प्रतिनिधी म्हणजे मी.

मी महाडमधून सायकली विकतो. सुटे भाग लुधियानाहून येतात, आमच्या नावाचं स्टिकर इथे लागतं आणि बॉक्स थेट गिऱ्हाइकाच्या दारात जातो. मध्ये दुकानदार नाही. बॉक्समध्ये सायकल बरीचशी जोडलेली असते. हँडल, पुढचं चाक, सीट आणि पेडल तेवढी तुम्ही बसवायची. सोबत अ‍ॅलन की आणि एक पुस्तिका असते.

सकाळी सातला चहा पिताना मी तो फोटो मोठा करून पाहिला. पुढचा फोर्क उलटा होता.

सायकल न चालवणाऱ्यांसाठी सांगतो. फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारा दुबेळका. डिस्क ब्रेकच्या सायकलमध्ये चकती पकडणारा कॅलिपर बसणाऱ्याच्या डाव्या हाताला, फोर्कच्या मागच्या अंगाला हवा. फोटोत तो उजवीकडे, पुढे होता. फोर्क असा उलटा बसला की पुढचं चाक पायांच्या जवळ सरकतं. वळताना चवडा चाकाला अडतो. उतारावर पुढचा ब्रेक जोरात दाबला तर तोंडावर पडण्याचा धोका वाढतो. ही चूक जगभर होते, कारण बॉक्समध्ये मावावा म्हणून फोर्क बऱ्याचदा फिरवून ठेवलेला असतो. पहिल्यांदाच जोडणारा माणूस जसा दिसला तसाच बसवतो.

फोन लावला. लागला नाही. मुलगा पोलादपूरजवळच्या एका वाडीतला होता आणि एव्हाना आंबेनळी घाटात असणार होता. हा घाट आमच्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस याच घाटात दरीत गेली, त्यातला एकच माणूस वाचला.

मी गाडी काढली. एकच विचार मला धीर देत होता : चढावर वेग नसतो. तो परत फिरायच्या आत गाठायला हवं.

प्रतापगडाच्या फाट्याच्या अलीकडे एका टपरीवर तो सापडला. सायकल कठड्याला टेकवून वडापाव खात होता. मी कोण ते सांगितल्यावर आधी घाबरला. पैसे राहिलेत की काय, असं त्याला वाटलं असावं.

"अरे, वळताना पाय लागत नव्हता का चाकाला?"

"लागत होता दादा. म्हटलं, नवीन आहे, सवय होईल."

दहा मिनिटांचं काम. हँडलच्या स्टेमचे बोल्ट सैल करायचे, फोर्क अर्धा फिरवायचा, वरची टोपी घट्ट करून ढिलेपणा काढायचा, मग बोल्ट पुन्हा आवळायचे. हात पुसता पुसता मी बोललो, "पुस्तिकेत लिहिलंय हे. पान नऊवर."

तो म्हणाला, "असेल. इंग्रजीत होतं ना?"

पुस्तिका इंग्रजीत आणि हिंदीत होती. महाडच्या माणसाने पोलादपूरच्या मुलाला विकलेल्या सायकलची माहिती मराठीत नव्हती. पुरवठादाराने दिलेली फाइल मी तशीच छापायला टाकली होती.

परतीच्या वाटेवर मी तो प्रसंग एखाद्या वकिलासारखा घोळवत राहिलो. मी सांगितलं होतं. त्याने वाचलं नाही. आता चूक कुणाची?

कायदा यावर थोडंफार बोलतो. २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'उत्पादन दायित्व' आलं. वस्तू नीट वापरण्याच्या पुरेशा सूचना दिल्या नाहीत आणि त्यातून इजा झाली, तर उत्पादक जबाबदार धरला जाऊ शकतो. पण त्याच कायद्यात एक सूटही आहे : धोका उघड किंवा सर्वांना माहीत असलेला असेल, तर त्याची सूचना न दिल्याबद्दल तो जबाबदार नाही.

उघड म्हणजे कुणाला उघड? दहा सायकली जोडलेल्या माणसाला तो फोर्क एका नजरेत खटकतो. आयुष्यातली पहिली गिअरची सायकल, ती एकट्याने, बल्बच्या उजेडात जोडणाऱ्याला काय खटकणार?

माझे बाबा महाडच्या बाजारपेठेत सायकलचं दुकान चालवायचे. दुरुस्ती, भाड्याने सायकली आणि अधूनमधून नवी विक्री. नवी सायकल जोडून झाली की ते पुढचं चाक उचलून दोनदा जमिनीवर आपटायचे आणि काही खुळखुळतंय का ते ऐकायचे. मग स्वतः बसून चवदार तळ्यापर्यंत चक्कर मारून यायचे. गिऱ्हाईक तोवर दुकानात बाकड्यावर वाट बघत बसलेलं. आल्यावर बाबा पुन्हा पाना घ्यायचे. त्या चकरेचे पैसे बिलात कधी लिहिलेले नसत.

जुलै २०२१ च्या पुरात ते दुकान गेलं. त्यानंतर मी ऑनलाइन आलो आणि 'मधला माणूस काढला, म्हणून किंमत कमी' हे वाक्य अभिमानाने लिहू लागलो. ते खोटं नव्हतं. पण मधला माणूस काढताना त्याची तळ्यापर्यंतची चक्करही मी काढून टाकली. तिचं काम मी पोलादपूरच्या मुलावर सोपवलं, आणि त्याला ते कळवलंसुद्धा नाही.

जुन्या दुकानांचं कौतुक मला फार करायचं नाही. दुकानात दोनच मॉडेलं असत. काही दुकानदार भाव सांगण्याआधी कपडे बघत. वाडीतला मुलगा आज फोनवर चाळीस सायकली बघतो, तुलना करतो, त्याला कुणी आडनाव विचारत नाही. हे स्वातंत्र्य खरं आहे. आणि कुणी म्हणेल, स्वातंत्र्य घ्यायचं तर वाचायची जबाबदारीही घ्यावी. विक्रेत्याने प्रत्येकाचा हात धरायचा म्हटलं तर धंदाच बुडेल. या म्हणण्यात तथ्य आहे. मी स्वतः किती अ‍ॅपच्या अटी न वाचता 'मान्य' दाबलंय, त्याची मोजदाद नाही. तुमचीही नसेल.

तरी मला एक फरक टाळता येईना. काही सूचना समोरच्याला कळावं म्हणून लिहिलेल्या असतात. काही, उद्या आपल्याला 'लिहिलं होतं' म्हणता यावं म्हणून. माझं पान नऊ दुसऱ्या प्रकारचं होतं.

महाडमध्ये वाढलेल्या माणसाला हा फरक शाळेतच शिकवलेला असतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांना घेऊन तळ्यापर्यंत चालत जावं लागलं. कारण ठरावातून पाणी ओंजळीत आलं नव्हतं. तिथे जाणूनबुजून केलेला अन्याय होता, इथे माझा आळस. दोन्ही एका मापात बसत नाहीत, आणि तुलना करताना मला संकोच वाटतो. पण कागदावर लिहिलं म्हणजे माणसापर्यंत पोहोचलं, असं निदान या गावातल्या माणसाने तरी समजू नये.

त्या रात्री मी तोवर विकलेल्या सगळ्या सायकलींची यादी काढली. तो मुलगा वाचला, कारण त्याने हौसेने फोटो पाठवला. ज्यांनी पाठवला नाही त्यांचं काय? एका मित्राने सल्ला दिला : 'गप्प बस. स्वतःहून विचारलंस तर लोकांना वाटेल, मालातच खोट आहे. रिव्ह्यू पडतील.' सल्ला धंद्याच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. मी दोन दिवस गप्प बसलोही.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांना मराठीत मेसेज पाठवला. 'सायकलचा डाव्या बाजूने एक फोटो पाठवा. पुढचा फोर्क उलटा बसण्याची चूक होऊ शकते. आम्ही नीट सांगितलं नव्हतं.' शेवटचं वाक्य मी तीनदा खोडलं आणि तीनदा लिहिलं.

फोटो येत गेले. बहुतेक ठीक होते. चार फोर्क उलटे निघाले. एकाने सायकल परत केली, एकाने एक स्टार दिला. एका बाईंनी लिहिलं की मुलगी रोज त्याच सायकलवर शाळेत जाते, आणि पुढे काहीच लिहिलं नाही. मी त्यांना फोन केला. त्या बराच वेळ बोलल्या, रागावून. मी ऐकून घेतलं.

आता आमच्या प्रत्येक फोर्कवर पिवळी पट्टी असते. तिच्यावर बाण आणि एकच शब्द : 'पुढे'. डाव्या पेडलवर दुसरी पट्टी : 'उलटं फिरवून घट्ट', कारण त्याचे आटे उलटे असतात. नव्या डिस्क ब्रेकचे पॅड मोकळ्या सपाट रस्त्यावर वीसेक वेळा हळूहळू दाबून बसवल्याशिवाय घाटात जाऊ नये, हे मी आता फोनवर सांगतो. पट्टीचा खर्च इतका कमी आहे की आधी का सुचलं नाही, याचं उत्तर देता येत नाही.

बाबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पट्टी चांगली आहे. पण पट्टी काही चक्कर मारून येत नाही."

यादीतल्या अकरा जणांनी अजून उत्तर दिलेलं नाही. सातांना निळ्या खुणा दिसतात, चारांचा नंबर बदललाय. माझं काम कुठे संपतं हे मला ठरवता आलेलं नाही. त्या चार बॉक्सवरचे पत्ते माझ्याकडे आहेत. दोन महाडमधलेच आहेत. रविवारी जाऊन येतो.