सव्वा महिन्यानंतर

घरात मूल जन्माला आले की सर्व विषयांवर मोकळेपणाने बोलले जाते. बाळाचे नाक कोणाच्या वळणावर गेले, स्नानसंस्कार केव्हा करावयाचा, अळिवाची खीर किती दिवस द्यावयाची, यांवर आजी, आत्या, मावशी या सर्वांची ठाम मते असतात. एकच विषय असा आहे की ज्यावर कोणी बोलत नाही, आणि ज्या दोघांचा तो आहे ती दोघे तर मुळीच बोलत नाहीत. पतिपत्नींमधील शरीराची जवळीक पुन्हा केव्हा आणि कशी सुरू व्हावी, हा तो विषय. कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या पानांत हे कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु विवाहाला आम्ही संस्कार मानतो. त्या संस्काराचा देहाशी निगडित भाग तेवढा कुजबुजीवर सोपवून मोकळे व्हावे, हे आम्हांस पटत नाही.

आमच्या खानदेशात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. पाचोरा-जामनेर ही नॅरोगेज गाडी धावत होती त्या काळी पहूरच्या स्थानकावरही अशा किती लेकी दिवस भरत आले असता उतरल्या असतील! सव्वा महिना बाज, बाजेखाली शेगडी, बाळंतशेपा, डिंकाचे लाडू; आणि मग बाळाने जरा बाळसे धरले की सासरी पाठवणी. ख्रिस्ती घरांनीही ही रीत सांभाळली. तिच्यातील शहाणपण नाकारण्याचे कारण नाही. ज्या घरात सुनेला 'नको' म्हणण्याची सोय नव्हती, तेथे तिच्या वतीने रूढीच 'नको' म्हणत असे. शेतातल्या कामालाही आणि नवऱ्यालाही. मात्र रूढीने थांबणे शिकविले, बोलणे शिकविले नाही. सून बाळाला घेऊन उंबरठा ओलांडून आत आली की सारे पूर्ववत झाले, असे गृहीत धरले जाते. दुसऱ्या दिवशी चूल तिची, कपाशीची वेचणी तिची, आणि रात्रही जणू ठरलेलीच.

देहाचे मात्र काहीच पूर्ववत झालेले नसते. रक्तस्राव थांबेपर्यंत आणि टाके भरून येईपर्यंत, म्हणजे साधारणतः चार ते सहा आठवडे, थांबावे असे डॉक्टर सांगतात. पण जखम भरणे वेगळे आणि इच्छा परतणे वेगळे. अंगावर पाजणाऱ्या मातेच्या शरीरात इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी असते. त्यामुळे योनिमार्गात कोरडेपणा येतो, संबंध वेदनादायक होतो, ओढही मंदावते. हा निसर्गाचा व्यवहार आहे. प्रेम आटल्याची खूण नव्हे. त्यात रात्रीची तुटलेली झोप. काही स्त्रियांना प्रसूतीनंतर खोल नैराश्यही येते. त्याला उपचार आहेत, पण घरात त्याचे नाव बहुधा 'नखरे' असे पडते. पतीला यांतले काही कोणी सांगितलेले नसते. तो नकार तेवढा पाहतो. पत्नीला दुखावण्याचे भय, बाळाविषयीची एक चोरटी असूया, आणि त्या असूयेची लाज, हे सारे तोही मुकाट्याने गिळतो.

आपल्या परंपरेने या काळाचा विचार केलेला नाही असे नव्हे. लेवीय ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात मुलगा झाल्यास चाळीस आणि मुलगी झाल्यास ऐंशी दिवस सांगितले आहेत. पवित्र मरियाही त्या नियमानुसार मंदिरात गेली. २ फेब्रुवारीच्या सणात आपण ते स्मरतो. इ. स. ६०१ च्या सुमारास इंग्लंडमधील ऑगस्टीन यांनी विचारलेल्या प्रश्नांना पोप महान ग्रेगरी यांनी जी उत्तरे दिली, ती संत बीड यांच्या इतिहासग्रंथात आहेत. बाळंतीण त्याच घटकेला देवाचे आभार मानण्यास चर्चमध्ये आली तरी तिच्याकडे दोष नाही, असे ग्रेगरी सांगतात. पतीने मात्र मूल अंगावर पीत असेपर्यंत तिच्याजवळ जाऊ नये, असेही ते म्हणतात. यातला पहिला भाग आजही मन प्रसन्न करतो. दुसरा आज कोणी शब्दशः पाळणार नाही. पण एका गोष्टीचे आम्हांस नवल वाटते. मर्यादा पतीला सांगितली गेली. आपल्याकडे मात्र ती बाळंतिणीला सांगितली जाते.

या संदर्भात संत पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय सातवा, पुष्कळांना ठाऊक असते, पण बहुधा अर्धेच. पत्नीचा आपल्या देहावर अधिकार नाही, पतीचा आहे, एवढे लक्षात राहते. पतीचाही आपल्या देहावर अधिकार नाही, तो पत्नीचा आहे, हे लगतचे वाक्य विसरले जाते. त्याहून महत्त्वाचे असे की, काही काळ दूर राहावयाचे तर ते दोघांच्या संमतीने असावे, असे पौल सांगतो. आमच्या घरांत दूर राहणेही संमतीवाचून होते आणि जवळ येणेही. एक माहेर ठरविते, दुसरे अंधार ठरवितो.

ख्रिस्तसभेच्या कायद्याची भाषाही या बाबतीत बदलत आली आहे. १९१७ च्या संहितेत विवाहसंमती म्हणजे परस्परांच्या देहावरील हक्काची देवघेव असे म्हटले होते. १९८३ च्या संहितेत हक्काचा शब्द गेला. स्त्रीपुरुष स्वतःलाच एकमेकांस देतात आणि स्वीकारतात, असे आले. १९६८ साली पोप सहावे पॉल यांनी 'ह्युमाने व्हिते' या विश्वपत्रात सांगितले होते की, जोडीदाराची अवस्था व रास्त इच्छा न पाहता लादलेला संबंध ही प्रेमाची कृती नव्हेच. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली 'आमोरिस लेतित्सिया'त त्याचा पुनरुच्चार केला. देशाचा कायदा येथवर पोहोचलेला नाही. २०२४ च्या जुलैत लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही अठरा वर्षांवरील पत्नीच्या बाबतीत पतीला जुना अपवाद तसाच राखून ठेवला गेला. कायद्याने गुन्हा नाही म्हणून बाळंतिणीवर केलेली सक्ती निर्दोष ठरते, असे मानणाऱ्या ख्रिस्ती पतीला विवाहसंस्कार कळला आहे, असे आम्ही म्हणणार नाही.

मग पतीने मुकाट्याने झुरत राहावे काय? तसेही नाही. दांपत्याची जवळीक फार काळ तुटली तर निष्ठेवर ताण येतो, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्टपणे मान्य केले. पत्नीलाही ओढ असते. पाजण्या-धुण्यापलीकडे आपण कोणाच्या तरी आवडत्या आहोत, हे तिलाही जाणवून घ्यावेसे वाटते. खरी अडचण निराळीच आहे. पतीने हात हातात घेतला तर पुढचे सारे मागितले जाईल, या भीतीने ती हातही देत नाही. डोक्यावरून फिरणारा हातही टाळते. अशा रीतीने संबंधांबरोबर साधी मायाही घरातून निघून जाते. 'आज फक्त जवळ बसू' हे वाक्य पतीने उच्चारावे आणि पाळावे. ते पाळले जाते असा अनुभव आला, की तिला 'हो' म्हणण्याचेही भय उरत नाही. जिथे नकाराला शिक्षा आहे, तिथे होकाराला अर्थ कोठून येणार?

पुन्हा दिवस राहण्याची धास्तीही या मौनात दडलेली असते. पाळी आली नाही म्हणजे दिवस राहत नाहीत, ही समजूत फसवी आहे. स्त्रीबीज पहिल्या पाळीच्या आधीही सुटू शकते. १९८८ साली इटलीत बेलाजिओ येथे जमलेल्या तज्ज्ञांनी असा निष्कर्ष काढला की, बाळ सहा महिन्यांच्या आतील असेल, ते पूर्णतः अंगावरच पीत असेल आणि पाळी सुरू झालेली नसेल, या तिन्ही अटी पाळल्या गेल्या तर अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक संरक्षण मिळते. एक अट सुटली की हिशेब चुकतो. बाळंतपणानंतर पुढचा गर्भ राहण्यापूर्वी किमान दोन वर्षे जावीत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. बिलिंग्ज पद्धतीची लक्षणे या काळात गोंधळात टाकणारी असतात. ती जाणत्या शिक्षिकेकडून आणि दोघांनी मिळून शिकावीत. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. त्यांच्या मतांशी ख्रिस्तसभेचा विरोध उघड आहे. तरीही, मराठी जोडप्यांना असे प्रश्न विचारण्यासाठी त्यांचे दार मोकळे होते आणि आमची दारे लावलेली होती, हे ध्यानात ठेवलेले बरे.

विवाहपूर्व शिबिरांत याविषयी एक तास तरी द्यावा, आणि तो वधूवरांना एकत्र बसवून द्यावा. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही काही करता येण्याजोगे आहे. आपली घरे दोन खोल्यांची. सुनेच्या खाटेशेजारी सासू, मधे पाळणा, आणि मुलगा ओट्यावर, अशी व्यवस्था महिनोन्‌महिने चालते. संध्याकाळच्या रोझरीनंतर आजीने तान्ह्याला पदराखाली घेऊन तासभर अंगणात बसावे. आत दोघे काय बोलतात याकडे कान देऊ नये. बाळ भुकेने रडू लागले तर हाक मारावी, नाहीतर बसून राहावे.