सुताचा भाव

कन्हानकाठच्या कामठीत एक विणकर होता. बाजाराच्या दिवशी एक विधवा मावशी त्याला घरी कातलेलं सूत आणून देई. बारीक सुतात नागपूर भागातल्या महार बायांचा हात धरणारं कोणी नव्हतं, मावशी त्यांतलीच. त्या सुतावर तिची लेकरं जगत.

१८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली. ती इकडचा कापूस बंदराकडे नेई नि विलायतेचं सूत घेऊन येई. स्वस्त, एकसारखं, मागावर न तुटणारं. दहा वर्षांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. मोकळ्या व्यापारानं हातमाग मारला असं आपण सरसकट म्हणतो. पण आधी त्यानं विणकराला स्वस्त सूत दिलं. पहिला घाव बसला तो कातणाऱ्या बायांवर.

"भाऊ, तुम्ही मायं सूत नाही घेतलं तर लेकरं काय खातीन?"

"मावशी, बाजारात याहून स्वस्त भेटते. मी तरी काय करू?"

मावशी रोजमजुरीला लागली.

१८८२ मध्ये सरकारनं विलायती कापडावरची जकातच उठवली. विणकराची धोतरं दुकानात पडून राहू लागली. एका बाजारी त्याला मावशी दिसली; हातात गिरणीचं लुगडं.

"मावशी, तूबी?"

"माह्या मजुरीत हेच बसते, भाऊ. तुमच्या मागावर तरी मायं सूत कुठं रायलं होतं?"

विणकर खाली पाहत राहिला. तिचं चुकलं नव्हतं, आणि तिचं सूत नाकारलं तेव्हा त्याचंही चुकलं नव्हतं. स्वस्ताईचा लाभ खराच होता. मजुराच्या अंगावर धड कापड आलं, ही थोडी गोष्ट नव्हे. पण लाभ सगळ्या गावात चिमूट चिमूट वाटला गेला आणि तोटा एकेका घरावर अख्खा कोसळला. त्या चिमटी गोळा करून पडलेलं घर सावरणं हे कोणाचंच काम नव्हतं. सरकारनं ते आपलं मानलं नाही. मावशी एकटी बोलली तेव्हा विणकर गप्प होता. विणकराची पाळी आली तेव्हा मावशीकडे द्यायला काही उरलं नव्हतं.

पुढे कामठीत बिडीचा धंदा वाढला. मावशीच्या नाती तेंदूची पानं कापू लागल्या. याच गावात १९०४ मध्ये जन्मलेल्या एल. एन. हरदासांनी बिडी कामगारांची संघटना बांधली, तेव्हा मजुरीचा भाव विचारायला त्या एकट्या गेल्या नाहीत.