जुन्या लाकडाचे पात्र

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

भक्तजनहो, दत्तमहाराज माध्यान्ही कोल्हापुरात भिक्षेला येतात, अशी आपली श्रद्धा. भिक्षेला पात्र हवे. आणि पात्र म्हणजे काय हो? मधली पोकळी. कडा, बूड, नक्षी ही सारी तिची राखण.

सावंतवाडीकडे लाकडाचे कातकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. कोकणात जुने घर उतरवले की फणसाची तुळई मागच्या पडवीत पडून राहते. ‘सरपणाला बरी’ असे म्हणून आपण मोकळे होतो. कातारी मात्र तिला हात लावून बघतो. ओल्या लाकडाचा वाडगा कातला तर सुकताना वाकतो, कडेला चीर जाते. इंचभर जाडीला वर्षभर वाळवण, असा साधारण हिशेब. वर्षानुवर्षे पडवीत राहिलेल्या लाकडाचे आकसणे-वाकणे बहुतेक उरकलेले असते. वरून काळे, एखादे किडीचे भोक. पण पटाशी लागली की आत फणसाचा पिवळा रंग.

काम मात्र सावधपणाचे. आतून कोरताना कातारी थांबून थांबून खोली मोजतो. एक हात जास्त फिरला की बूडच जाते, मग वाडगा कसला, नुसते कडे! वैराग्याच्या भरात औषधपाणी सोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. अवधूतांच्या चोवीस गुरूंत बाण करणारा शरकार आहे. शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता नाही. तशी नजर इथे लागते.

साठी उलटली की माणसे म्हणतात, “आता कसलं पारायण? सुकलं लाकूड झालो आम्ही.” गुरुचरित्राच्या ४०व्या अध्यायातला नरहरी आठवा. कुष्ठाने गांजलेला. श्रीनृसिंहसरस्वतींनी त्याला सरपणाचे वाळके औदुंबर संगमावर रोवून पाणी घालायला सांगितले. लोक हसले. तो घालत राहिला, आणि पालवी फुटली. तेव्हा सुकलेपणाची सबब गुरूंपुढे चालत नाही.

अडचण आहे ती खिळ्यांची. कुणी कंदिलासाठी ठोकला, कुणी तोरणासाठी. डोके गंजून गेले, टोक आत राहिले. लेथवर फिरत्या लाकडात पटाशी त्यावर गेली तर धार मोडते, तुकडा तोंडावर उडतो. म्हणून कातारी आधी लोहचुंबक फिरवतो, पकडीने एकेक खिळा उपसतो.

आपल्यातही असतात. वाटणीच्या वेळी भाऊ बोलला तो शब्द वीस वर्षे आत असतो. वरून काही दिसत नाही, पण माळ ओढताना मणी तिथेच अडकतो. उपसताना लाकूड करकरते, तशी कळ येणारच. आधी कोणी जायचे, हाच तर वाद! या दत्तजयंतीला पारायणाचे सात दिवस बसाल, त्यातली एक संध्याकाळ तिकडे जाऊन या. हातात प्रसाद असू द्या. रिकाम्या हाती गेले की बोलणे कुठून सुरू करावे ते सुचत नाही.