तिघेही पांढरे

ही गोष्ट खांदेश्वरची. स्टेशनपासून चालत जाता येईल अशा एका सोसायटीच्या कुंपणाला गावठी लाल जास्वंदीची रांग होती. ती लावली आणि वाढवली सोसायटीच्या सेक्रेटरींनी. निवृत्त माणूस. पहाटे परडी घेऊन खाली यायचे, फुलं काढायचे आणि ज्याच्या घरी गणपतीला फूल हवं त्याच्या दाराच्या कडीला पुडी अडकवून पुढच्या मजल्यावर जायचे. कुणाकडून पैसा घेत नसत.

एका नवरात्रात या जास्वंदीला दृष्ट लागली. ऑक्टोबरचं ऊन तापलं आणि शेंड्यांवर पांढरं पीठ दिसू लागलं. कोवळी पानं आकसली. कळ्या धरायच्या आणि न उमलताच गळायच्या. खालची पानं चिकट झाली, त्यांवर काजळी धरली आणि खोडावरून मुंग्यांची ये-जा सुरू झाली. शेतकरी ज्याला पिठ्या ढेकूण म्हणतो आणि नर्सरीवाला मिलीबग, तोच हा. सोंड झाडात खुपसून रस पितो आणि अंगाबाहेर गोड, चिकट थेंब टाकतो. त्या गोडासाठी मुंग्या येतात, आणि गोड मिळत राहावं म्हणून त्याच्या शत्रूंना हुसकावतात.

सेक्रेटरींनी औषध आणलं, पाठीवरचा पंप ठरवला आणि फलकावर सूचना लावली: रविवारी सकाळी फवारणी, मुलांना खाली सोडू नये.

पहिल्या मजल्यावर सहावीतली एक मुलगी आणि तिची आजी राहत. आजी खांदा गावची. १९७० साली सिडको आली, पुढे जमिनी संपादित झाल्या आणि भाताच्या खाचरांवर वसाहत उभी राहिली. पण त्याआधी आजीने सासरच्या शेतात गुडघाभर चिखलात उभं राहून लावणी केली होती. शेत गेलं तरी झाड दिसलं की पान उलटून बघायची तिची सवय गेली नव्हती. नातीलाही तीच लागली होती.

सूचना वाचून नात जास्वंदीपाशी गेली. एका शेंड्यावर कापसाचा इवलासा झुपका होता, तांदळाच्या कणीएवढा. तिने बोट जवळ नेलं तर झुपका फांदीच्या पलीकडे सरकला. ती वळसा घालून पलीकडे गेली तर तो अलीकडे आला. मग श्वास रोखून ती नुसती बघत राहिली, तेव्हा तो नीट दिसला. फिकट हिरवं अंग, बाजूंना लालसर डोळे, आणि शेपटाकडून निघालेले पांढरे, रेशमी तंतू. मोराने पिसारा धरावा तसा त्याने तो झुपका अंगावर उभारला, जरा डोलला, आणि पुढच्या क्षणी तिथे काहीच नव्हतं. उडी कधी मारली हे तिला दिसलंच नाही.

दिसणारही नव्हतं. हे तुडतुड्याच्या एका जातीचं पिल्लू. शेपटाचा पिसारा मेणाचा. तो त्याच्याच अंगातल्या ग्रंथींमधून पाझरतो. शत्रूने मागून धरलंच तर तोंडात मेण येतं आणि पिल्लू निसटतं, असं अभ्यासक मानतात. आणि उडीबद्दल तर ऐकावं तेवढं थोडं. युरोपातल्या बागांमध्ये इसस नावाचा याचा एक भाऊबंद असतो. केंब्रिज विद्यापीठातले माल्कम बरोज आणि ग्रेगरी सटन यांनी २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं की त्याच्या पिल्लाच्या मागच्या दोन पायांच्या मुळाशी चक्क दातेरी चाकं आहेत. प्रत्येक चाकावर दहा-बारा दाते, एकमेकांत बसणारे. एक पाय सुटला की दुसरा त्याच्याबरोबर सुटतो. दोघांत फरक पडतो तो सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या तीस भागांइतका. मज्जातंतूंना एवढं अचूक काम साधत नाही, म्हणून ते या चाकांवर सोपवलेलं. शेवटची कात टाकून किडा मोठा झाला की ही चाकं नाहीशी होतात. माणसाने घड्याळात आणि गिरणीत बसवण्याच्या कितीतरी आधी हा दातेरी जोड एका पिल्लाच्या पायात चालू होता. मला या गोष्टीचं नवल अजून पुरतं ओसरलेलं नाही.

नातीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती धावत आजीकडे गेली. “आजी, त्यातला एक उडाला!”

“उडाला म्हणजे तो पिठ्या नव्हं,” आजी म्हणाली आणि काठी घेऊन खाली आली. तिने गवताची एक काडी तोडली आणि नातीला एकेक पांढरा किडा हळूच ढोसायला लावला. पहिला जागचा हलला नाही, फांदीला चिकटून राहिला. दुसरा, पिसारेवाला, टुणकन गेला. तिसरा मात्र निराळाच. सगळ्यांत मोठा, अंगभर पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या. काडी लागताच तो तुरुतुरु चालत सुटला आणि पुढच्या पिठ्याला भिडला.

“बसला तो पिठ्या, उडाला तो तुडतुडा,” आजी म्हणाली, “आणि चालत सुटला तो वाघ. बघ काय करतो.”

वाघच तो. ढालकिड्याची अळी. ढालकिडा म्हणजे लेडीबर्ड. त्यांच्यातल्या काही जातींच्या अळ्या पिठ्या ढेकणांवरच जगतात आणि दिसतातही त्यांच्यासारख्याच. क्रिप्टोलिमस नावाचा असाच एक ढालकिडा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात मुद्दाम आणला गेला. आज आपल्याकडचे द्राक्षबागायतदार तो विकत घेऊन बागेत सोडतात. तरीही ज्याने तो आधी पाहिलेला नाही, त्याला ही अळी म्हणजे पिठ्याची आईच वाटते. सगळ्यांत मोठी, सगळ्यांत झिपरी, म्हणून चिरडायला पहिली तीच सापडते.

आजी सेक्रेटरींकडे गेली. “भाऊ, रविवारचं जरा थांबवा. झाडावर खाणारे आलेत.”

“मावशी, तुमचा मान ठेवतो,” ते म्हणाले, “पण किडा तो किडा. तिघेही पांढरेच. कुणाकुणाची चौकशी करत बसू? माझ्या कळ्या रोज गळतायत.”

आजीने मग शेताची गोष्ट सांगितली. त्यांच्या भातावर तपकिरी तुडतुडे पडायचे. बुंध्याशी बसून रस प्यायचे आणि मधोमध गोल करपलेला पट्टा दिसू लागायचा. मग बीएचसी या कीटकनाशकाची भुकटी धुरळायची. “धुरळली की आधी कोळी मरायचे, भाऊ. बांधावर नुसता सडा पडायचा. तुडतुड्यांची अंडी पानाच्या देठात, त्यांना काय होतंय? पंधरवड्यात पुन्हा तेवढेच, आणि खायला कोळी कुठले?”

आजी बांधावर उभी राहून जे बघत होती, ते पुढे अख्ख्या इंडोनेशियाने अनुभवलं. तिथे सरकार स्वस्तात औषधं पुरवत होतं, फवारणी वाढत होती आणि तपकिरी तुडतुडेही वाढत होते. फवाऱ्याने मरत होते ते कोळी आणि इतर भक्षक. शेवटी १९८६ साली तिथल्या सरकारने भातावर ५७ कीटकनाशकं वापरायला बंदी घातली आणि शेतकऱ्यांना शेतात उतरून किडे ओळखायला शिकवण्याचं काम हाती घेतलं. भाताचं पीक काही बुडालं नाही. आपल्याकडे बीएचसीवर बंदी आली ती १९९७ मध्ये.

सेक्रेटरींनी ऐकून घेतलं, पण बेत बदलला नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जीव लावलेलं झाड डोळ्यांदेखत वाळताना हात बांधून बसणं सोपं नसतं. नातीने मात्र हट्ट धरला. “काका, पंपाच्या खोलीजवळचं शेवटचं एक झाड तरी सोडा.” पोरीचा चेहरा बघून त्यांनी ते एक सोडलं.

रविवारी फवारणी झाली. चार दिवसांत रांग लख्ख झाली. राखलेलं झाड तेवढं पिठाने माखलेलं, येणाराजाणारा नाक मुरडायचा, आणि सेक्रेटरी त्याच्याकडे न बघता पुढे जायचे. दिवाळीला इतर झाडांवर फुलंही आली. नात हिरमुसली. आजी तिला संध्याकाळी खांदेश्वरच्या तलावाकडे फिरायला न्यायची. काडी बरोबर असायचीच. तिथे बेशरमीच्या पानावर त्यांना कासवभुंगेऱ्याची अळी भेटली, स्वतःची जुनी कात आणि विष्ठा शेपटावर छत्रीसारखी धरून बसलेली. बाभळीवर दोन शिंगांचा एक काळसर तुडतुडा दिसला, मुंग्या गुराख्यांसारख्या त्याच्याभोवती. पानावरून एक कचऱ्याचा ढीग चालत गेला. खाली क्रायसोपा नावाच्या किड्याची अळी होती, खाऊन झालेल्या माव्याची टरफलं पाठीवर घेतलेली. शत्रूला वाटावं, कचराच आहे. नातीने वहीत एकेकाचं चित्र काढलं. नाव माहीत नसलं तर तो काय करत होता ते लिहिलं. मला ही वही कुठल्याही पाठ्यपुस्तकाहून मोलाची वाटते.

कार्तिकी एकादशीच्या सुमारास फवारलेल्या झाडांवर पुन्हा पीठ आलं. पिठ्याचं मेण औषध अंगाला लागू देत नाही आणि त्याची अंडी कापसाच्या पिशवीत सुरक्षित असतात. मागे राहिले होते तेच वाढले, आणि आता त्यांना खाणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या फवारणीची सूचना लिहून सेक्रेटरी फलकाकडे निघाले. वाटेत पंपाची खोली. ते थांबले.

राखलेल्या झाडाला नवी पालवी फुटली होती. पिठ्यांच्या जागी रिकामी, वाळकी साल उरली होती. एका पानावर काळा, नारिंगी डोक्याचा बारीक ढालकिडा फिरत होता. फांदीला काहीतरी चिकटलेलं होतं, जेमतेम पाच मिलिमीटरचं. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. हुबेहूब माकडाचं तोंड! दोन डोळे, नाक, कपाळावरची आठीसुद्धा. हा एपफ्लाय नावाच्या छोट्या फुलपाखराचा कोष. त्याची अळी झाडपाला खात नाही, पिठ्या ढेकूण खाते, आणि अंगावर तेच पांढरं पीठ घेऊन त्यांच्यातच वावरते.

त्यांनी हाक मारली. आजी खाली आली. काही न बोलता तिने काडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी एका झिपऱ्या अळीला हळूच ढोसलं. अळी चालत सुटली.

“मावशी, मी त्या रविवारी हेच मारले ना?”

“हेच जास्ती मेले, भाऊ.”

सूचना फलकावर लागली नाही. सेक्रेटरींनी राखलेल्या झाडाच्या अळ्या असलेल्या काटक्या कापल्या आणि एकेक काटकी दुसऱ्या झाडांना बांधली. मुंग्यांनी अळ्यांना त्रास देऊ नये म्हणून खोडं साबणाच्या पाण्याने धुतली. फारच माखलेले शेंडे तेवढे छाटले. नात वही घेऊन मागे मागे होती आणि ते तिला विचारत होते, “ही कुठली गं? बसणारी की चालणारी?” झाडं लगेच सुधारली नाहीत. पौष अर्धा सरेपर्यंत पांढरे ठिपके दिसत होते. माघी गणपतीला मात्र परडी भरली. पिठ्या समूळ गेला नाही, चार-दोन शेंड्यांवर राहिलाच. तो उरला म्हणूनच ढालकिडेही उरले. पिसारेवाली पिल्लं तर होतीच. त्यांनी जास्वंदीचं एक फूलही कधी कमी केलं नव्हतं.

तुमच्या खिडकीतल्या कढीपत्त्यावर, अंगणातल्या जास्वंदीवर, सोसायटीच्या कुंपणावर यंदाही पांढरं काही दिसेल. औषध आणायला जाण्याआधी घरातल्या मुलांना बरोबर घ्या, भिंग असेल तर तेही घ्या, आणि एक सकाळ त्या झाडापाशी घालवा. कोण बसतं, कोण उडतं, कोण चालतं ते मुलांनाच सांगू द्या.